गुडघाभर पाण्याचा मालक कोण?

परवा रविवारी पहाटे मी दबक्या पावलांनी घराबाहेर पडत होतो, तेवढ्यात आईने हटकलंच. "आज संकष्टी, आणि तू मासे मारायला चाललास?" म्हटलं, "मारणार नाही गं, पकडून परत सोडून देणार." ती दोन सेकंद नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्या माशाने तुझं काय बिघडवलंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि दिवसभर मनोरीच्या चिखलात उभं राहूनही सापडलं नाही. पण त्या चिखलात आमचं जे भांडण झालं ते इथे मांडायलाच हवं, कारण ते भांडण तुमचंही आहे. (तुम्हाला अजून माहीत नसेल, एवढंच.)

पात्रपरिचय आधी. मित्रवर्य माझा कॉलेजमधला दोस्त. बारा वर्षं फ्लोरिडात काढून गेल्या वर्षी अंधेरीच्या हापिसात परत आला. येताना सामानात एक ग्रीन कार्ड न मिळाल्याचं दुःख आणि चार तुकड्यांत मोडणारी एक फ्लाय फिशिंगची काठी. एके दिवशी फोन आला, "चल, वीकान्ताला फ्लॅट्सवर जाऊ." मला वाटलं साहेब बिल्डरकडे सॅम्पल फ्लॅट बघायला बोलावतायत. बोरिवली-कांदिवलीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? खुलासा झाला तो असा: समुद्रकाठची उथळ, सपाट जमीन, ओहोटीला उघडी पडणारी आणि भरतीला गुडघाभर पाण्याखाली जाणारी, तिला तिकडे फ्लॅट्स म्हणतात. फ्लोरिडात, बहामात लोक लाखो रुपये मोजून अशा पाण्यात दिवसभर उभे राहतात आणि बोनफिश नावाचा चंदेरी मासा पकडून सोडून देतात. फ्लोरिडात तर 2013 पासून बोनफिश घरी न्यायला बंदीच आहे.

मी म्हटलं, असली जमीन आपल्याकडे ढीगभर आहे. आपण तिला चिखल म्हणतो.

वेळ ठरवायला मित्रवर्याकडे भरती-ओहोटीचं ॲप होतं. माझ्याकडे आजोबांचं गणित: तिथीला पाऊणपट करा, तेवढे वाजता मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, दुपारचे तीन. त्याआधी सहा तास ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण एका ओळीच्या कोडकडून आणखी काय हवं? ॲपही साधारण तेच म्हणालं.

मालाड, मार्वे, तिथून तरीने मनोरी. खाडी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे पाणी मागे सरकलं होतं आणि मैलभर करडं, चकचकीत पटांगण उघडं पडलं होतं. निवट्या चिखलावरून टुणटुण उड्या मारत होत्या. बगळे होते. पाच-सहा बायका ओणव्या होऊन शिवल्या काढत होत्या. लांबवर एक गृहस्थ पाग खांद्यावर टाकून पाणी निरखत उभे.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसतं. बोकडाच्या नाहीतर हरणाच्या केसांची, पिसांची एक नक्कल बांधलेली असते. नाव फ्लाय, पण खाऱ्या पाण्यात माशी कुठली? आमची नक्कल बोईच्या पिल्लाची होती. ती इतकी हलकी की नुसती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून फेकायची ती दोरीच, जाड आणि वजनदार. मागे-पुढे, मागे-पुढे, हवेत मोठमोठी वेटोळी घालत. दिसायला फारच सुंदर प्रकार. आणि मनोरीत जवळजवळ निरुपयोगी! कारण सगळा खेळ मासा डोळ्यांनी हेरण्याचा. तिकडे पाणी आरशासारखं, आणि मित्रवर्य राहायचा त्या किनाऱ्यावर भरती मीटरभरसुद्धा चढत नाही. आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि सगळा गाळ ढवळून काढतं. दर तिसऱ्या फेकीला मासा लागायचा तो प्लास्टिकच्या पिशवीच्या जातीचा.

पाकटाचा काटा बसू नये म्हणून पाय घासत चालायचं, हे तो तिकडे शिकला होता. कुठला चिखल माणूस गिळतो हे मात्र फ्लोरिडात शिकवत नाहीत. साडेनऊच्या सुमारास मित्रवर्य मांडीपर्यंत खाली गेला आणि घाबरून पाय ओढायला लागला. शिवल्या काढणारी एक मावशी लांबूनच ओरडली, "पाय खेचू नको रे, आडवा हो!" तो काठीसकट आडवा झाला, हळूहळू सुटला. डाव्या पायातला चार आकडी डॉलरवाला बूट (बरं, तीन आकडी) अजून तिथेच आहे. मावशी हसली नाही, हे तिचे उपकार.

भरती लागल्यावर एकदाचा मासा लागला. जिताडा! पण वीतभर. मित्रवर्याने आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून संरक्षण करतो. पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, मासा दोन हातांत धरून ठेवला आणि ताकद आल्यावर जाऊ दिला. खरं सांगतो, मला ते आवडलं. जिताडा जन्मतो तो नर म्हणून, आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे आपण ताटात मावेल एवढा जिताडा मागवतो तेव्हा त्याला आई व्हायची संधीच मिळालेली नसते. वीतभर जिताडा सोडलाच पाहिजे.

इथून भांडण सुरू झालं. वडापाव खाता खाता मित्रवर्य म्हणाला, "हेच मॉडेल इथे आणायला हवं. परवाने, गाईड, एखादं लॉज. पकडा आणि सोडा. जाळी बंद. मग बघ खाडीला कशी किंमत येते आणि ती कशी वाचते." आणि दाखला दिला फ्लोरिडाचाच. तिथे नोव्हेंबर 1994 मध्ये मतदान होऊन राज्याच्या घटनेतच दुरुस्ती झाली आणि 1 जुलै 1995 पासून किनाऱ्याजवळ माशांना अडकवणारी जाळी बंद झाली. मोहीम चालवली ती हौशी गळवाल्यांनी. "मासे परत वाढले की नाही?"

वाढले, कबूल. पण ती जाळी कोणाची होती? प्रामुख्याने तिथल्या बोईची! कॉर्टेझसारख्या गावांत पिढ्यानपिढ्या बोई धरणाऱ्या लोकांची. त्यांचा धंदा मोडला. मासा वाचला तो ज्यांच्याकडे मासे न खाता परतण्याची ऐपत होती त्यांच्यासाठी. आता हेच मनोरीत आणा. सगळ्यात आधी कोण हटेल? तो पागवाला आणि ती मावशी, जिने दहा मिनिटांपूर्वी तुला बाहेर काढलं. लॉजवाल्याच्या फोटोत ओणव्या बायका शोभत नाहीत रे बाबा.

आणि एक गोष्ट त्याने बघितली नव्हती, मी बघितली होती. मावशी टोपलीतून नखाएवढ्या शिवल्या निवडून परत चिखलात टाकत होती. तिच्या त्या सवयीला इंग्रजी नाव नाही, म्हणून ते मॉडेल होत नाही.

कोळी म्हणजे सगळे संत, असं मी म्हणत नाही. बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं जातात, आणि बाजारात ती आपणच कौतुकाने घेतो. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याचसाठी. तो नियम कडक पाळला जावा. पण नियम पाळायला लावणं वेगळं आणि माणूस हटवणं वेगळं.

मित्रवर्य म्हणाला, "मग तुझ्या मावशीच्या नावाने खाडी वाचतेय का?" हा घाव बसला. कारण नाही वाचत. वर्सोव्याहून भाईंदरपर्यंतचा सागरी रस्ता याच पट्ट्यातून जाणार: मालाड, चारकोप, गोराई, दहिसर. त्यासाठी पंचेचाळीस हजारांहून अधिक तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची अट आहेच.

माझी मेख इथे आहे. झाडं मोजतात. किती तोडली, किती लावली, हिशोब जुळला, फाईल बंद. चिखल कोण मोजतं? किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत चिखलाची मैदानं तिवरांच्याच शेजारी, सर्वांत नाजूक वर्गात, नाव घेऊन लिहिलेली आहेत. पण पेपरात कधी "इतके एकर चिखल गेला" अशी बातमी वाचलीत? शिवल्या झाडावर लागत नाहीत. तुतारी पक्षी फांदीवर बसून जेवत नाही. उलट उघड्या चिखलात ओळीने तिवरं लावली की हिशोबात हिरवं वाढतं आणि शिवल्यांची जागा जाते. दोन बग बंद दाखवून तिसरा जन्माला घालणं आपल्याला हापिसात चांगलं ओळखू येतं. इथे मात्र आपण टाळ्या वाजवतो.

आणि आपण कोण बोलणारे? माझं घर चारकोपला. ही वसाहत 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने उभी राहिली, खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून. मालाडला लिंक रोडलगत ज्या काचेच्या इमारतींत आपली निम्मी पिढी कोड लिहिते तिथे चिंचोली बंदरचं डम्पिंग ग्राउंड होतं. जमिनीतून येणाऱ्या वायूंनी तिथले कॉम्प्युटर सडतायत, अशा बातम्या त्या काळी पेपरात यायच्या. मला याच लिंक रोडवर रोज दीड तास सडायला होतं, आणि तो रस्ता झाला तर मी त्यावरून जाईन, हेही लिहून ठेवतो. पण हापिसात सोमवारी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "तिथे आहे काय? रिकामीच तर जागा आहे." हा माणूस मालदीवला जाऊन गुडघाभर पाण्यात काढलेला स्वतःचा फोटो टेबलावर ठेवून बसतो!

माझी मागणी फार मोठी नाही. कुठल्याही प्रकल्पाच्या कागदात तिवरांच्या आकड्याखाली आणखी दोन आकडे छापा: किती चिखल जाणार, आणि त्यावर रोज किती माणसं ओणवी होतात. किंमत नंतर ठरवू. आधी ती जागा रिकामी नाही, एवढं तर कागदावर येऊ दे.

मित्रवर्याला हे पटलेलं नाही. मावशीचा आकडा छापून रस्ता थांबणार नाही, पण वर्षाला पाच कोटी देणारं लॉज कदाचित थांबवेल, असं तो परतीच्या तरीत म्हणाला. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं आणि मी ते असल्याचा आवही आणला नाही. काठी सध्या माझ्याकडेच आहे, कारण त्याच्या घरी तिला गाळाचा वास येतो म्हणे.

पुढच्या वद्य चतुर्थीच्या आसपास परत जातोय. ज्यांना यायचं त्यांनी जुन्या चपला आणा. बूट चिखल ठेवून घेतो.