४ कोटी अंकांची मूळ संख्या सापडली, मग तुमच्या बँकेचं कुलूप जास्त मजबूत झालं का?

जळगावला लागून असलेलं असोदा ओळखलं जातं ते भरिताच्या वांग्यांसाठी आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून. याच गावात कुणी मोबाईलवर बँकेची वेबसाइट उघडली, की मागे अनेकदा मूळ संख्यांचं गणित काम करत असतं. म्हणूनच जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या सापडल्याची बातमी आली, की प्रश्न पडतो: याचा आपल्या पैशांशी काही संबंध आहे का?

सापडलं काय?

मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः, एवढेच विभाजक असलेली संख्या. उदाहरणार्थ २, ३, ५, ७. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली संख्या अशी तयार होते: २ला २नेच गुणत राहायचं, एकूण १३,६२,७९,८४१ वेळा २ घ्यायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक लिहिला, तर न थांबता जवळपास ४७५ दिवस लागतील.

अशा पद्धतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांना 'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात. ही आतापर्यंत सापडलेली ५२वी. पण प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही. ११ वेळा २ घेऊन १ वजा केला तर २०४७ येतात, आणि ते निघतात २३ × ८९.

मग कुलूप कशाचं?

याच २०४७ मध्ये कुलपाची युक्ती दडलेली आहे. २३ आणि ८९ चा गुणाकार सोपा. पण नुसतं २०४७ देऊन 'अवयव सांगा' म्हटलं तर वेळ जातो. इंटरनेटवर सर्रास वापरली जाणारी आरएसए पद्धत याच फरकावर उभी आहे. तिथे साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या गुणून ६१७ अंकी संख्या बनवतात. गुणाकार जगजाहीर, मूळ संख्या गुप्त.

एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे मात्र अवयव न शोधताही तपासता येतं. कोणत्याही संख्येसाठी अशी खात्रीशीर आणि वेगवान पद्धत शक्य आहे, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं.

म्हणजे ४ कोटी अंकांची नवी संख्या या कुलपासाठी निरुपयोगी आहे. एक तर ती अवाढव्य आणि दुसरं म्हणजे ती सगळ्यांना माहीत आहे. गावभर वाटलेली किल्ली काय कामाची?

काळजी कशाची?

२५० अंकी आरएसए संख्या २०२० मध्ये फोडली गेली. ६१७ अंकी संख्या आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. मात्र पुरेसा मोठा क्वांटम संगणक तिचे अवयव झटपट काढू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. त्यामुळे अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयव पाडण्यावर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. भारतानेही २०२३ मध्ये ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आहे.

थोडक्यात, विक्रमी मूळ संख्येच्या बातमीने खातं जास्त सुरक्षित झालेलं नाही आणि धोक्यातही आलेलं नाही. खरा बदल कुलपं बदलण्याचा आहे, आणि ती नवी कुलपं तुमच्यापर्यंत पोहोचतील फोनच्या आणि ॲपच्या अपडेटमधून. त्यामुळे अपडेट टाळू नका.