पाचटाची शेगडी

न्हावऱ्याच्या शिवारात ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लागते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने याच पाचटाचा कोळसा करून दाखवला. 2002 साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. तिच्या सराई कुकरच्या तळाशी जेमतेम 100 ग्रॅम कांडीकोळसा ठेवायचा. धग बाहेरच्या भांड्यात कोंडून राहते, वरण-भात वाफेवर शिजतो. आपल्या उघड्या शेगडीची बरीचशी आच पातेल्याच्या कडेनेच निसटते. त्यात जाळीखाली राख साचली की हवा अडते, निखारा कोंदटतो आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पाचट कुजवणे उत्तमच. पण पेटवायचेच, तर रानात कशाला? साखर कारखान्यांच्या गट कार्यालयांनी कोळशाच्या भट्ट्या भाड्याने द्याव्यात.