काढा, बाटली आणि परीक्षा

पावसाळा लागला, की गोडदेवात घरोघर खोकला शिरतो आणि त्याबरोबर एक जुना वादही जागा होतो. वडील मंडळी अडुळशाची पाने, आले व मध ह्यांचा आग्रह धरितात. शिकलेली तरुण मंडळी त्यांस हसून दुकानातील बाटली आणितात. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात.

भाईंदरजवळचे हे खेडे आता शहरात विरून गेले, तरी अडुळशावरील श्रद्धा विरलेली नाही. आणि ती निराधारही नव्हे. गुरे त्याच्या कडू पाल्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून लोक तो कुंपणास लावीत. कुंपणाचे कुंपण आणि औषधाचे औषध! त्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते व त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले. तेव्हा काढ्यास हसणारा गृहस्थ पुष्कळदा त्याच झुडपाच्या नातवंडास पैसे मोजीत असतो.

परंतु ब्रोमहेक्झिनची मात्रा ठरलेली आहे. घरच्या काढ्यात द्रव्य किती उतरले, हे कोणी मोजिले आहे काय? गर्भवतीने अडुळसा घेऊ नये, वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये, एवढे तरी घरोघर ठाऊक हवे.

आता बाटलीच्या भक्तांविषयी. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात सर्दीखोकल्याच्या औषधाने २० हून अधिक बालके गेली. तपासणीत त्या औषधात हेच विष ४८.६ टक्के निघाले. बाटलीवर छापील कागद चिकटविला म्हणजे आतल्या मालाची परीक्षा झाली, असे नव्हे. आमच्या औषधविक्रेत्या बंधूंनी घाऊक व्यापाऱ्याकडे भावाबरोबरच चाचणीचा दाखलाही मागावा. भावासाठी घासाघीस करण्यास ज्यांस संकोच वाटत नाही, त्यांस ह्यासाठी का वाटावा?

ह्याहूनही वाईट म्हणजे गमावलेला वेळ. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो, आणि थुंकीची तपासणी सरकारी केंद्रांत फुकट होते. तरीही मुलीचे लग्न मोडेल ह्या भीतीने तिचा खोकला महिनेच्या महिने काढ्याखाली झाकणारी घरे आहेत. क्षय वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. झाकला तर तिच्या शेजारी निजणाऱ्या धाकट्या भावंडांसही गाठतो. अशा घरातील वडिलांनी तिला उद्याच बरोबर घेऊन तपासणीस जावे.