विश्लेषण : जव्हार-मोखाड्यातील मुलांसाठी आश्रमशाळेचे जेवण हाच आधार का?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके कुपोषणामुळे सतत चर्चेत असतात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हापासून चर्चा होते ती मुख्यतः अंगणवाडीतील बालकांची. मात्र त्यानंतर अनेक मुले आश्रमशाळेत राहायला जातात, तेव्हा त्यांच्या पोटाची जबाबदारी पूर्णपणे शाळेवर येते.

दुपारच्या जेवणाहून वेगळे काय?

शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. उरलेले घरी मिळेल, हे त्यात गृहीत असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज सुमारे २४०० किलोकॅलरी आहे. निवासी शाळेत ती सगळी तिथल्याच ताटातून भागली पाहिजे.

घरचा आधार का नाही?

भातकापणी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्या आणि बांधकामांवर मजुरीला जातात. घराला कुलूप असते. डाळ पातळ निघाली म्हणून मूल घरी जाऊन जेवू शकत नाही.

मध्यवर्ती स्वयंपाकघराने प्रश्न सुटतो का?

यंत्रे, स्वच्छता आणि एकत्रित खरेदी हे त्याचे फायदे. पण शिजवणे आणि वाढणे यांत तास जातात आणि एक चूक अनेक शाळांत पोहोचते. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या डहाणू प्रकल्पातील अनेक आश्रमशाळांत अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांना विषबाधा झाली. जेवण कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आले होते. जव्हारच्या घाटवाटांवर अंतराचा हा प्रश्न अधिक बिकट ठरेल.

पाण्याचे काय?

मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. तरीही उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात, आणि शाळा एप्रिलपर्यंत सुरू असतात. पाणी तुटले की पिणे, भांडी आणि हात धुणे या सगळ्यांनाच कात्री लागते.

उपाय कोणते?

स्थानिक नाचणी, अंडी आणि कडधान्ये, वाढण्यापूर्वी मोठ्यांनी चव घेणे, शाळेपुरता पाणीसाठा. आणि एक सोपी नोंद : सुट्टीला जाताना आणि परतताना प्रत्येक मुलाचे वजन. सत्रात ते वाढत नसेल, तर कागदावरचा आहार ताटात पोहोचतो का, हे आधी तपासायला हवे.