भ्रमणध्वनीची दोन टोके

गोंदिया जिल्हा तलावांचा, धानाचा आणि जंगलांचा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यातून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, आणि पूर्वी क्रमांक ६ म्हणून परिचित असलेला आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ कोहमारा, देवरीमार्गे छत्तीसगडकडे जातो. कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदियाकडे जाणारा रस्ता नवेगाव-नागझिऱ्याच्या वनपट्ट्यातून जातो. धानाच्या हंगामात या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, राइस मिलकडे निघालेले ट्रक, बैलबंड्या, सायकलस्वार विद्यार्थी आणि पायी चालणारे मजूर अशी सर्वांची एकाच वेळी ये-जा असते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू झाला की नाटक-दंडार पाहून मध्यरात्रीनंतर परतणाऱ्या दुचाकींची त्यात भर पडते. अशा रस्त्यावर वाहन चालविणाऱ्याला डोळे, कान आणि मन या तिन्हींची गरज असते. त्यांपैकी एक जरी दुसरीकडे गुंतले, तरी त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे सांगता येत नाही.

या मार्गाने ती किंमत पाहिली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणारा एक तरुण वाघ भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडला. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी राज्य परिवहन महामंडळाची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ प्रवाशांचा बळी गेला. समोरची दुचाकी अचानक वळल्याने तिला वाचविताना चालकाचा ताबा सुटला, असे त्या वेळच्या प्राथमिक वृत्तांत म्हटले होते. या दोन्ही घटनांचा संबंध भ्रमणध्वनीशी जोडण्याचे कारण नाही. परंतु रस्त्यावर संकट किती अकस्मात समोर येते आणि ते टाळण्यासाठी चालकाच्या हाती किती थोडे क्षण असतात, हे त्यांतून स्पष्ट होते. पूर्ण सावध असलेल्या चालकालाही जे क्षण अपुरे पडतात, ते भ्रमणध्वनीवर बोलणारा चालक स्वतः होऊन गमावत असतो.

आकडे आणि आकड्यांपलीकडचे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. देशातील मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा, म्हणजे १०० पैकी ४४ हून अधिक, दुचाकीस्वारांचा होता. यांपैकी भ्रमणध्वनीच्या वापरामुळे झालेले म्हणून नोंदविलेले मृत्यू सुमारे ३,४०० आहेत. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, हाच आकडा १,०४० होता.

एका वर्षात तिपटीहून अधिक झालेली ही वाढ विचार करायला लावणारी आहे. पण त्याहून अधिक विचार करायला लावते ती नोंदीची रीत. मद्यपी चालकाच्या रक्ताची तपासणी होते. वेगाची साक्ष टायरच्या खुणा देतात. भ्रमणध्वनीची खूण मात्र रस्त्यावर उरत नाही. अपघात होताच तो खिशात जातो, शेतात फेकला जातो किंवा मृताच्या हातून गळून पडतो. घटनास्थळी पोहोचलेला हवालदार पंचनाम्यात ‘वाहनावरील नियंत्रण सुटल्याने’ असे लिहितो, आणि नियंत्रण का सुटले, हा प्रश्न तिथेच संपतो. म्हणून सरकारी आकडा हा या संकटाचा केवळ दिसणारा भाग मानला पाहिजे.

काही घटनांत मात्र कारण लपत नाही. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात फाटकरक्षक नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या वाहनाला गाडीने धडक दिली आणि १३ बालके मृत्युमुखी पडली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक चौकशीतून पुढे आले. आपल्या राज्यात मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील ई-शिवनेरी बसचा चालक वाहन चालविताना भ्रमणध्वनीवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे एका प्रवाशाने चित्रित केले. परिवहन खात्याने तातडीने कारवाई केली, त्या चालकाची नोकरी गेली. सुदैवाने त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही. पण एका जागरूक नागरिकाने ते चित्रण केले नसते, तर ती बस उद्याही तशीच धावली असती.

हात मोकळे, मन गुंतलेले

या विषयावर बोलताना हमखास एक युक्तिवाद ऐकू येतो. फोन हातात धरणे धोक्याचे. पण कानात ब्लूटूथ असले आणि दोन्ही हात सुकाणूवर असले, की चिंता नाही. हा समज सोयीचा आहे, खरा नाही. १९९७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने त्यात काही विशेष फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही चौपट धोक्याचाच इशारा देते. २००६ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम वाहनावर केलेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्या चालकांची तुलना मद्य प्यायलेल्या चालकांशी केली. त्या मद्यपींच्या रक्तातील अल्कोहोल आपल्या कायद्यातील मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक होते. तरीही फोनवर बोलणाऱ्यांचे वाहन चालविणे त्यांच्यापेक्षा सुरक्षित ठरले नाही. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याला समाज नावे ठेवतो. फोनवर बोलत चालविणाऱ्याला मात्र ‘कामाचा माणूस’ म्हणतो.

साधा हिशेब केला तरी गांभीर्य लक्षात येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. कोणाचा संदेश आला हे पाहण्यासाठी तीन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्या वेळात वाहन ५० मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे ५० मीटर ते डोळे मिटून चालविल्यासारखेच आहे. कान आणि खांद्यात फोन दाबून, मान वाकडी करून दुचाकी हाकणाऱ्याची अवस्था त्याहून वाईट. त्याला एका बाजूचा रस्ताच दिसत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत काय फरक, असेही विचारले जाते. फरक मोठा आहे. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. समोर वळण आले, गुरे आडवी आली, तर तो आपोआप गप्प होतो, प्रसंगी ‘सांभाळून’ म्हणतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. तो ऐन वळणावरही उत्तर मागत राहतो. कर्णाच्या रथावर बसून शल्याने सतत बोलून त्याचा तेजोभंग केला, ही महाभारतातील कथा सर्वांना ठाऊक आहे. शल्याने ते युधिष्ठिराला दिलेल्या वचनानुसार, जाणूनबुजून केले होते. आज घराघरांतून चालकाशी बोलत राहणारी माणसे तेच प्रेमापोटी, अजाणतेपणी करीत आहेत.

कायदा आहे, धाक नाही

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी. स्वाभाविकच मूळ कायद्यात या उपकरणाचा उल्लेख नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात धरलेल्या संपर्क उपकरणाच्या वापराचा स्पष्ट समावेश कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत झाला. पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध केल्यास शिक्षा आणखी वाढते. केंद्रीय नियमांनुसार या कारणास्तव चालक परवाना निलंबितही करता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले होते. ऑक्टोबर २०२० पासून केवळ मार्गदर्शक नकाशा पाहण्यापुरती सवलत आहे, तीही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही या अटीवर.

म्हणजे उणीव कायद्याची नाही. उणीव अंमलबजावणीची आहे आणि त्याहून अधिक समाजाच्या मनाची आहे. चौकात पोलीस दिसताच फोन खाली घ्यायचा आणि चौक ओलांडताच पुन्हा कानाला लावायचा, ही आपली रीत झाली आहे. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या प्रत्येक वळणावर पोलीस उभा राहू शकत नाही, आणि राहावा अशी अपेक्षाही योग्य नाही. ज्या समाजाला प्रत्येक शंभर पावलांवर दंडुका लागतो, तो समाज स्वतंत्र म्हणवून घेण्यास पात्र ठरत नाही. शिस्त ही आतून यावी लागते.

दुसऱ्या टोकाला कोण?

चालकाच्या अपराधाची चर्चा पुष्कळ होते. पण त्याचा फोन वाजवितो कोण, हा प्रश्न कोणी विचारत नाही. याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. तो फोन बहुतेक वेळा परक्याचा नसतो. ‘कुठवर आलास?’ असे विचारणारी आई असते, ‘येताना दूध घेऊन या’ असे सांगणारी पत्नी असते, ‘बाबा, केव्हा येणार?’ असे विचारणारे लेकरू असते. आमगावहून गोंदियाला नोकरीसाठी रोज ये-जा करणारा मुलगा ठरलेल्या वेळी पोहोचला नाही, की घरी जीव टांगणीला लागतो. ही काळजी खरी आहे, आणि ती पवित्रही आहे. परंतु ज्या क्षणी तो दुचाकीवर असण्याची शक्यता सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी त्याला फोन करणे म्हणजे काळजीनेच संकटाला आमंत्रण देणे होय. त्याने उचलला नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावला जातो, आणि शेवटी तो चालत्या गाडीवर खिशात हात घालतो.

दुसरा फोन असतो मालकाचा. ट्रक कुठे आहे, माल केव्हा उतरणार, याची विचारणा दर अर्ध्या तासाने होते. फोन न उचलणाऱ्या चालकाची रोजी जाते, म्हणून तो उचलतो. त्या चालकाला बेजबाबदार म्हणण्यापूर्वी त्याच्या पोटावर कोणाची मूठ आहे, हेही पाहिले पाहिजे. राइस मिलचा मालक, वाहतूक व्यावसायिक, शाळेच्या वाहनांचा संचालक यांनी ‘गाडी चालू असताना फोन उचलणाऱ्याला कामावरून कमी करू’ असे सांगितले आणि स्वतःही ते पाळले, तर दंडाच्या पावत्यांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

आणि तिसरा फोन असतो सामाजिक कामाचा. गावोगाव प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्याला कार्यालयातून, सहकाऱ्यांकडून, कार्यक्रमाच्या आयोजकांकडून दिवसभर निरोप येत असतात. ‘वक्ते निघाले का?’, ‘बैठक किती वाजता?’ हे प्रश्न अगत्याचे असतात. पण त्यांतला असा एकही नसतो, की जो दहा मिनिटे थांबू शकत नाही. भ्रमणध्वनी येण्यापूर्वीही कामे होत होती. पोस्टकार्ड जात होते, सायकलवरून निरोप पोहोचत होते, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी माणसे जमत होती, कारण नियोजन आधी होत असे. आज नियोजनातील ढिलाई आपण फोनने झाकतो आणि तिचा भार रस्त्यावरच्या कार्यकर्त्यावर टाकतो. समर्पणाने काम करणारा एक तरुण अशा क्षुल्लक निरोपापायी गमावणे हे संघटनेचे नुकसान तर आहेच. त्याच्या घरच्यांचे नुकसान तर कशानेही भरून येणारे नाही.

घरातून आरंभ

संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजासमोर मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य या दोन्हींचा समावेश आहे. या विषयात त्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. करावयाचे आहे तेही साधे आहे. घरातून निघताना ‘निघालो’ आणि पोहोचल्यावर ‘पोहोचलो’ असे दोनच निरोप द्यावेत. मध्ये कोणी फोन करू नये. केलाच आणि पलीकडचा माणूस गाडीवर आहे असे कळले, तर ‘थांबून बोल’ असे म्हणून फोन करणाऱ्यानेच तो ठेवावा. वाहन सुरू करण्यापूर्वी फोनचा आवाज बंद करावा. निकडच असेल तर रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी थांबूनच बोलावे. घरातील मुलांना बापाच्या मागे बसल्यावर ‘बाबा, फोन ठेवा’ असे म्हणण्याचा अधिकार द्यावा, आणि बापाने तो मानावा. बस किंवा काळीपिवळीतील प्रवाशांनी चालकाला नम्रपणे पण ठामपणे टोकावे. त्यात संकोच कसला?

शाखेत, महिला मंडळात, गणेशोत्सवात, कचारगडच्या यात्रेत येणाऱ्या जनजाती बांधवांमध्ये, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेत हा विषय सहज मांडता येईल. त्यासाठी निधी लागत नाही, सरकारी आदेश लागत नाही. समर्थ रामदासांनी समाजाला वारंवार सावधपणाची शिकवण दिली, ती मठात बसलेल्यांसाठी नव्हती, चालत्या-बोलत्या संसारातील माणसांसाठी होती. वाहन चालविणाऱ्याने फोन न उचलणे हे जितके कर्तव्य, तितकेच घरच्यांनी, मालकाने आणि सहकाऱ्याने तो न करणे हेही कर्तव्य. ज्याची वाट पाहतो आहोत तो सुखरूप घरी यावा, असे वाटत असेल, तर तो पोहोचेपर्यंत त्याला रस्त्याकडे पाहू द्यावे.