वडापाव निर्दोष आहे!

मैत्रिणीला जुलाब लागले. खापर अर्थातच ऑफिसखालच्या वडापाववर! चार दिवस ती जुलाब थांबवायच्या गोळ्या गिळत राहिली आणि पाचव्या दिवशी थेट सलाइनवर. डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे अँटिबायोटिक घेतलं होतं?" होतं ना! दोन आठवड्यांपूर्वी, सर्दीसाठी, ड्रॉवरमधली उरलेली स्ट्रिप.

सर्दी व्हायरसची, तिला अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. मरतात ते आतड्यातले आपले दोस्त बॅक्टेरिया. मग मैदान मोकळं बघून 'सी. डिफ' ऊर्फ क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू फोफावतो. त्याच्या विषाने मोठ्या आतड्याला सूज येते. दिवसातून 3 किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा!

अशा वेळी स्वतःच डॉक्टर बनू नका. घेतलेल्या अँटिबायोटिकचं नाव डॉक्टरांना सांगा. शौचाच्या तपासणीत निदान होतं, उपचारही आहेत. आणि हो, सॅनिटायझरवर विसंबू नका. या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत; साबण-पाण्यानेच हात धुवा.

डॉक्टरांनी दिलेला कोर्स मात्र मनाने बंद करू नका. ड्रॉवरमधली ती स्ट्रिप? माझी मी कालच काढून टाकली. तुमची?