जुन्या गाडीला नवे डोळे

"काय गं, हल्ली रस्त्यावरचे दिवे कमी केलेत की काय?"

जयनगरहून मल्लेश्वरमला घरी परतताना एका रात्री सासऱ्यांनी मला विचारले आणि मी चपापले. रस्त्यावरचे दिवे तर लख्ख जळत होते. मंद झाले होते ते आमच्या मारुतीचे दिवे. निदान त्या रात्री मला तसे वाटले.

आमची ही मारुती ८०० म्हणजे १९९६ सालची. बाबांनी ती कोरी घेतली आणि आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती फारशी दिली नाही. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी बंगळूरच्या गल्ल्यांतून ती अजून दिसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. आमच्या गाडीचे हे सोपस्कार २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये झाले. चौथी पाळी २०२६ ची. या तपासणीत दिवेही पाहतात. शिवाय गणपतीला बेळगावला जायचे होते. पाचशे किलोमीटरचा रस्ता आणि बाबांची जुनी सवय, संध्याकाळी निघून रात्रभर गाडी चालवायची. म्हणून ठरले, गाडीचे पुढचे दिवे घरीच बदलायचे.

बाबांची सारी नोकरी एच.एम.टी.त घड्याळांचे बारीक भाग जुळवण्यात गेली. हात अजून स्थिर आहे. मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली.

बल्ब बदलण्याआधी

दिवा मंद झाला की आपण पहिल्यांदा बल्ब बदलतो. पण बल्ब हा चार संशयितांपैकी एक असतो. दुसरी संशयित पुढची काच. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि बारीक खड्यांनी ती धूसर होते. प्लॅस्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडते. तिसरा संशयित काचेमागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर. त्याची चकाकी एकदा गेली की नवा बल्बही उपयोगाचा नाही. आणि चौथा संशयित डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंत येताना वाटेत सांडणारा विजेचा दाब. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब १० टक्के घटला, तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो!

आम्ही इंजिन सुरू ठेवून, दिवे लावून मल्टीमीटरने दाब मोजला. बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरपाशी ११.९. दोघांत अर्ध्या व्होल्टहून फार मोठा फरक असू नये. इथे तर जवळपास दोनाचा होता. होल्डर काढून पाहिला तर त्याचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालेले.

"पाच वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने जास्त वॅटचे बल्ब बसवले होते," बाबा ओशाळून म्हणाले. "म्हणाला, साहेब, हायवेवर दिवस होईल."

तिथेच सगळी मेख होती. या गाडीचा मूळ बल्ब एच-४ जातीचा, ६०/५५ वॅटचा. एकाच बल्बात दोन तारा, वरच्या झोतासाठी ६० वॅटची आणि खालच्या झोतासाठी ५५ वॅटची. वरचा झोत लावला की दोन्ही दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. १००/९० वॅटचे बल्ब लावले की तोच सोळा-सतरा अँपिअरवर जातो. वायर मात्र जुनीच. ती तापते, होल्डर भाजतो, स्विचचे टोक जळते आणि दिव्यातल्या उष्णतेने आरशाची चकाकीही जाते. म्हणजे जास्त उजेडासाठी केलेल्या उपायानेच उजेड खाल्ला होता.

जे. सी. रोडची खरेदी

बंगळूरमध्ये गाडीचे सुटे भाग म्हटले की जे. सी. रोड. टाऊन हॉलकडून निघाले की दोन्ही अंगांना दुकानेच दुकाने. दुकानदाराने गाडीचे साल विचारले आणि ठरलेला प्रश्न टाकला, "ओरिजिनल बेका, लोकल बेका?" असली हवे की साधे? दिव्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर खिशाकडे पाहून देऊ नये. साध्या दिव्याची काच दिसायला तशीच असते, पण आरशाचा बाक नीट नसेल तर उजेड वाटेल तिकडे फाकतो. आम्ही दिव्यांचे दोन पूर्ण संच, दोन नवे होल्डर आणि ६०/५५ वॅटचे दोन बल्ब घेतले. बल्ब नेहमी जोडीने बदलावेत. एक गेला की दुसराही थकलेलाच असतो.

मग दुकानदाराने पांढऱ्याशुभ्र एल.ई.डी.ची जोडी पुढे केली. त्याच होल्डरमध्ये बसणारी, वीज कमी खाणारी. बाबांचा हात पुढे गेला आणि थबकला.

मोह कुणालाही होईल. पण आपल्या दिव्यातला आरसा एका बारीक तारेसाठी घडवलेला असतो. ती तार जिथे असायला हवी तिथून उजेड निघाला तरच झोत रस्त्यावर नेमका पडतो. एच-४ बल्बात खालच्या झोताच्या तारेखाली धातूची चिमुकली वाटी असते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड ती अडवते. एल.ई.डी.च्या ठिपक्यांचा आकार आणि जागा वेगळी पडली, की झोताची कडा विस्कटते. गाडीत बसलेल्याला वाटते, काय उजेड आहे! समोरून येणारा मात्र आंधळा होतो. मूळ एल.ई.डी. दिव्यांसह बनलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी, त्यांचा सारा दिवाच तसा घडवलेला असतो.

कायद्यालाही समोरच्याची आठवण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की, दिव्याचा झोत असा खाली वळवलेला हवा, की आठ मीटरवरच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे समोरून चालत येणाऱ्या माणसाचे डोळे! २०२४ च्या जुलैपासून कर्नाटक पोलिसांनी अशा डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीमही उघडली होती.

तळघरातला रविवार

रविवारी सकाळी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आम्ही कामाला लागलो. तुम्हीही हे काम करणार असाल, तर आमचा क्रम असा होता.

आधी गाडी भिंतीसमोर उभी करून जुन्या झोताची कडा भिंतीवर खडूने आखून घेतली. त्यामुळे नवे दिवे कुठल्या कुठे गेले तर कळते. मग दिवे बंद करून थंड होऊ दिले आणि बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली. दिव्यामागचा तीन पात्यांचा होल्डर वायरला न ओढता अंगाला धरून काढला. त्यानंतर रबरी टोपण, मग तारेची क्लिप, मग बल्ब. समोरची जाळी काढल्यावर दिव्याचे स्क्रू हाती लागले. गंजलेल्या स्क्रूला बळ लावू नये. तेलाचे दोन थेंब सोडून चहा प्यावा. आम्ही दोनदा प्यालो.

जुना दिवा निघाल्यावर घाईने नवा लावला नाही. दिव्याची अर्थची वायर जिथे पत्र्याला कसलेली असते, तिथला गंज पॉलिश पेपरने घासून काढला, वायर पुन्हा घट्ट केली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. भाजलेले होल्डर कापून नवे जोडले. वायर जोडण्याची सवय नसेल, तर एवढे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. नुसती वायर पिळून टेप गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

बल्ब बसवताना मी सहज काचेला धरायला गेले.

"अगं, काचेला बोट नको!" बाबा ओरडलेच. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला, की तापल्यावर नेमका तोच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. बल्ब धातूच्या बुडाला कागदात धरावा. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावा. आत दाबाखालचा वायू असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. बल्बचे तीन कान एकाच पद्धतीने बसतात. बसत नसेल तर दाबू नये, फिरवून पाहावे. शेवटी रबरी टोपण घट्ट बसले आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. नाहीतर पहिल्याच पावसात दिव्यात पाणी!

वायर जोडून दाब पुन्हा मोजला. होल्डरपाशी १३.४ व्होल्ट. बाबा काही बोलले नाहीत, पण मल्टीमीटर त्यांनी दोनदा पाहिला.

भिंतीवरची रेघ

इथवर आले की बहुतेक जण हात धुतात. खरे तर अर्धे काम इथून सुरू होते. दिवा रोखणे.

चाकांत योग्य हवा, डिकी रिकामी, चालकाच्या जागेवर माणूस आणि जमीन सपाट हवी. गाडी भिंतीला टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण भिंतीवर करावी. मग गाडी सरळ पाच मीटर मागे घ्यावी. खालचा झोत लावल्यावर त्याची वरची कडा खुणेच्या पाच ते साडेसहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून ही कडा डाव्या बाजूला किंचित वर चढते. डावीकडचा पादचारी दिसावा आणि उजवीकडून येणारा दिपू नये, यासाठी. कडा उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा दुसऱ्या देशासाठी बनलेला आहे असे समजून परत करावा.

नवे दिवे खुणेच्या चांगले हातभर वर मारत होते. तसेच निघालो असतो, तर समोरच्या प्रत्येकाने आम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि त्या रास्त असत्या. मागच्या स्क्रूने त्यांना खाली आणले. एक गोष्ट मात्र विसरू नये. गावाला जाताना डिकी भरली, मागे तिघे बसले, की गाडीचे नाक वर होते आणि दिवेही. तेव्हा सामान भरून झोत पुन्हा एकदा भिंतीवर पाहावा.

आणि मग डोळे

त्या रात्री तुमकूर रस्त्याने थोडे बाहेर जाऊन आलो. दिवे उत्तम होते. कडेची पांढरी पट्टी दूरवर दिसत होती. पण बाबा गप्प होते. परतल्यावर गाडी बंद करून म्हणाले, "रस्ता दिसतो गं. पण समोरून गाडी आली की सगळं पुसून जातं. आधीही असंच व्हायचं. मी दिव्यांना दोष देत होतो."

त्यांना हे बोलायला किती जड गेले असेल! साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एकतृतीयांश उजेड पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असेल, तर समोरचा झोत धुक्यासारखा पसरतो. तिथे कितीही वॅटचा बल्ब लावा, उपयोग नाही. उलट मीटर आणि भिंतीवरची रेघ यांनी गाडी निर्दोष ठरवली, म्हणूनच खरा दोष आमच्या लक्षात आला.

जे. सी. रोडच्या जवळच मिंटो नेत्र रुग्णालय आहे. त्याच आठवड्यात आम्ही तिथे गेलो. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया गणपतीनंतर करायची ठरली.

आणि बेळगाव? गेलो ना. पण बाबांनी आपणहून बेत बदलला. पहाटे पाचला निघायचे, आळीपाळीने चालवायचे आणि दिवेलागणीच्या आत पोहोचायचे. धारवाड मागे पडले तेव्हा ऊन अजून रस्त्यावर होते. नवे दिवे लागले ते फक्त सुरुवातीचा तासभर. समोरून एक ट्रक आला, तसा बाबांनी झोत खाली केला. ट्रकवाल्यानेही केला.

"बघ," बाबा म्हणाले, "त्यालाही घरी जायचंय."